कसब्यातली शेवटची घटका

दिवाळीच्या अंकात मरणाच्या गोष्टी लिहायच्या म्हणजे फराळाच्या ताटात कडुनिंबाची पाने वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण वाचकांनी क्षणभर आठवून पाहावे. आपल्या दिवाळीच्या आरंभी कोण आहे? धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा करून, त्याची वात दक्षिणेकडे करून आपण घराबाहेर ठेवतो, तो यमासाठी. आणि शेवटी कोण आहे? भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला जातो. सणाच्या दोन्ही टोकांना हा पाहुणा उभा आहे. आपण त्याला दिवा दाखवतो, त्याच्या निमित्ताने ताट वाढतो. फक्त त्याच्याविषयी बोलत नाही.

दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी कसबा पेठेत जातो. निमित्त पणत्यांचे. आम्ही राहतो त्या कोथरूडला पणत्या मिळत नाहीत असे नाही. रंगवलेल्या, टिकल्या लावलेल्या, झगमगीत पणत्यांचे ढीग पदपथावर लागलेले असतात. पण आमच्या घरात आईच्या वेळेपासून पणत्या कुंभारवाड्यातल्याच. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे की, पणत्या हा बहाणा आहे, खरे कारण कसब्यातल्या वहिनीच्या हातची कडबोळी हे आहे. दोन्ही कारणे खरी आहेत. तिसरेही एक आहे. ते मात्र मी बरीच वर्षे कोणाला सांगितले नव्हते.

गेल्या वर्षी मी मेट्रोने गेलो. वनाझला बसलो, जिल्हा न्यायालयापाशी गाडी बदलली आणि सरकत्या जिन्यांवरून जमिनीच्या पोटात उतरलो. तिथून एकच स्थानक: कसबा पेठ. हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. गाडी चक्क मुठेच्या खालून जाते. वैतरणी ओलांडायची तर गाईचे शेपूट धरावे लागते म्हणतात. इथे तिकिटावर काम भागते. पाहता पाहता मी पलीकडच्या तीराला लागलो आणि वर येऊन फडके हौदाच्या बाजूने चालू लागलो.

पेशव्यांनी पुण्याला राजधानीचा थाट आणला. पण त्याआधीचे जे पुणे, ते हे. शहाजीराजांच्या जहागिरीचे, जिजाऊंनी आणि बाळ शिवबाने पुन्हा वसवलेले. कसब्याचा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. त्याचे देऊळ जिजाऊंच्या नावाशी जोडलेले आहे. भाद्रपदातल्या विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचा. पुणेकरांच्या घरी लग्न निघाले की पहिली पत्रिका याच गणपतीपुढे ठेवतात. आणि जुन्या काळी घरातले माणूस गेले की ज्या मडक्यावाचून पुढचे पाऊल पडत नसे, ते मडकेही इथूनच, कुंभारवाड्यातून जाई. पहिल्या पत्रिकेपासून शेवटच्या मडक्यापर्यंतचा सगळा संसार या एका पेठेत आहे.

माझी आत्या या पेठेत १९४७ साली लग्न होऊन आली. तिचे घर तांबट आळीला लागून. तांबट मंडळी कोकणातून पेशवाईत इकडे आली, असे सांगतात. बंब, घंगाळी, हंडे, कळश्या, सगळे इथे हाताने घडे. तांब्याच्या पत्र्याला आकार दिल्यावर त्याच्यावर लहान हातोडीने एकाला एक लागून ठोके देत जातात. त्याला मठारणे म्हणतात. त्याने भांडे टणक होते आणि अंगावर खवल्यांसारखी चमक येते. ते ठोके सकाळपासून दिवे लागेपर्यंत आळीत चालू असत. लहानपणी सुटीत मी आत्याकडे गेलो की पहिले दोन दिवस माझे डोके उठे. आत्या मात्र दुपारी त्या आवाजात गाढ झोपे. आणि गंमत अशी की, ठोके थांबले की ती जागी होई! “काय रे, चहाला उठले का तांबट?” असे विचारतच ती उठून बसे.

आत्याच्या देवघरात तांब्याची एक जुनी वाटी होती. तिच्या बुडाला सुईएवढे भोक. ते घटिकापात्र. पूर्वी लग्नात मुहूर्त साधायला घंगाळात पाणी भरून त्यावर ही वाटी सोडत. भोकातून पाणी आत चढे आणि २४ मिनिटांनी वाटी बुडे, की एक घटका झाली. अशा ६० घटका म्हणजे एक अहोरात्र. सुटीत आम्हा मुलांचा कंटाळा घालवायला आत्या ती वाटी पाण्यावर सोडून देई. आम्ही टक लावून बसत असू. बराच वेळ काहीच घडत नाही असे वाटे. वाटी तरंगतेच आहे, तरंगतेच आहे. आणि मग एकाएकी कड कलली, बुडुक्! आमच्यातला प्रत्येक जण म्हणे, “आत्ता बुडाली.” आत्या म्हणे, “आत्ता कुठली? पाण्यावर सोडली तेव्हापासूनच बुडते आहे ती.”

मी पुढे मराठीचा मास्तर झालो. ‘घटका भरली’, ‘शेवटच्या घटका मोजतो आहे’ हे वाक्प्रचार वर्गात समजावताना मला दर वेळी ती वाटी आठवते. घटिका म्हणजे लहान घट. कुंभाराचा घट आणि तांबटाची घटिका हे एकाच घरचे शब्द. आणि आपल्या भाषेने दोघांनाही माणसाच्या मरणाशी नेऊन बांधले आहे.

आत्या गेली ती २००९च्या एप्रिलात. वय ८१. अर्धांगवायूचा झटका आला. पहिले दोन दिवस डोळे उघडी, तिसऱ्या दिवशी तेही थांबले. घरचे डॉक्टर म्हणाले, इस्पितळात नेऊन आता हाल वाढतील, माणूस परतणार नाही. म्हणून तिला माजघरात खिडकीखाली ठेवले. बाहेर ठोके चालू होते. शेजारचे तांबटकाका दारात येऊन हळूच विचारू लागले, “बंद ठेवू का दोन दिवस?” वहिनी, म्हणजे आत्याची सून, म्हणाली, “नको काका. चालू द्या. थांबलं तर आईंना चुकल्याचुकल्यासारखं होईल.” आम्ही पुरुष मंडळी एकमेकांकडे पाहून किंचित हसलो. बेशुद्ध माणसाला काय चुकल्याचुकल्यासारखे होणार?

पाचव्या दिवशी घरघर लागली. रात्री नऊच्या सुमाराला आम्ही चार-पाच जण खाटेभोवती उभे होतो. वाडा पाडून इमारत उठवायचे घाटत होते, त्याचे कागद, कोणाची सही राहिली, कोणाला कोणती बाजू, अशी बोलणी हलक्या आवाजात चालली होती. आणि मी, नव्याने नोकरीत कायम झालेला, घड्याळाकडे पाहून म्हणालो, “आता काय व्हायचं ते रात्रीतच होऊन गेलेलं बरं. परवा मला परीक्षेच्या कामावर हजर व्हायचंय.”

आत्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळले. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, पापणी पुरती मिटत नाही, म्हणून येते तसे पाणी. मी ते मान्य केले. मान्य करणे सोयीचे होते. पहाटे वहिनीने मला उठवले. “गेल्या आई. चार वाजून दहा मिनिटांनी.” डॉक्टर साडेपाचला आले आणि त्यांनी दाखल्यावर तीच साडेपाचची वेळ घातली. तिथीसाठी सूर्योदयाआधी की नंतर यावर पंचांग उघडून वडील मंडळींचा वाद झाला. मृत्यूची एक नेमकी वेळ सगळ्यांनाच हवी होती; आणि आत्याची वाटी मला राहून राहून आठवत होती.

मेंदूविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण मनाला टोचणी लागली की मास्तर वाचू लागतो. आमच्या प्राणिशास्त्र विभागातल्या मित्राला छळून मी जे समजून घेतले, ते असे.

मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम; म्हणजे शरीराच्या शेकडा दोन. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा खातो. आणि घरात साठा म्हणून काही नाही. क्षणाचे आणायचे, क्षणात संपवायचे. त्यामुळे हृदय थांबले की सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते. अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर मेंदूच्या विजेचा जो आलेख काढतात, तो सपाट होतो. आपण म्हणू, संपले. पण सपाट रेघ म्हणजे मेलेल्या पेशी नव्हेत. दुष्काळात घराने दिवे मालवावेत, तशा पेशींनी काटकसर म्हणून आपापसांतले बोलणे बंद केलेले असते. आत त्या जिवंतच असतात.

प्रत्येक पेशीच्या आवरणात क्षारांचे बारीक पंप असतात. ते सोडियम बाहेर लोटतात, पोटॅशियम आत ओढतात. पेशीची सगळी वीज या खटाटोपावर उभी असते. रक्त थांबल्यावर काही मिनिटांनी इंधन संपते आणि पंप थांबतात. मग बाहेरचे क्षार आत घुसतात, साठवलेली वीज एकदम सुटते आणि तिची लाट शेजारच्या पेशीकडून शेजारच्या पेशीकडे अशी पसरत जाते. ही लाट प्राण्यांत पूर्वीपासून ठाऊक होती. माणसाच्या मरणाऱ्या मेंदूत ती टिपली बर्लिनच्या येन्स ड्रायर यांनी आणि अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी, नऊ रुग्णांत. तो अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. आणि ही लाटसुद्धा अखेर नव्हे. तिच्यानंतर लवकर रक्त परत आले, तर पेशी सावरू शकतात. न आले, तर मात्र त्या एकेक करून ढासळू लागतात.

२०१९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात तर कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंतून, मृत्यूनंतर चार तासांनी, एक खास द्रव खेळवला. पुष्कळ पेशींचे व्यवहार पुन्हा सुरू झाले. जाणिवेचे लक्षण म्हणावे अशी एकजुटीची वीज मात्र कुठे दिसली नाही. म्हणजे विटा शाबूत, पण घर नाही. आत्या म्हणे तेच खरे: वाटी बुडते ती एका क्षणात नव्हे.

हे सगळे मनात घोळवीत मी कुंभारवाड्याकडे वळलो. जुनी कुंभारवेस नावापुरती उरली आहे. इथले पुष्कळ कुंभार मुंढव्याकडे केशवनगरला गेले. चाके तिकडे फिरतात. पण दिवाळीच्या तोंडावर इथे अजून पणत्यांच्या राशी लागतात. एक म्हातारी नेहमीच्या जागी बसली होती. तिच्यापुढे नमुन्याची एक पणती जळत होती. तेल सरत आले होते. मी पणत्या मोजून घेत होतो तेवढ्यात ती ज्योत एकदम लांब झाली, फडफडली आणि विझली. म्हातारी सहज म्हणाली, “विझताना मोठा होतोच दिवा.”

हे वाक्य आपण माणसांविषयीही म्हणतो. अनेक दिवस कोणाला न ओळखणारे आजोबा शेवटच्या दिवशी एकाएकी उठून बसतात, नातवाला नावाने हाक मारतात, चहा मागतात. घरातल्यांना वाटते, वळले! आणि जाणती माणसे गप्प राहतात. डॉक्टरांनीही अशा पुष्कळ हकिगती नोंदवून ठेवल्या आहेत. कारण अद्याप उलगडलेले नाही. पण ज्योतीच्या त्या फडफडण्यासारखे काहीतरी आलेखावरही उमटले आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या जिमो बोर्जिगिन यांनी २०१३ साली उंदरांत ते पाहिले: हृदय थांबल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत मेंदूच्या जलद लहरी, ज्यांना गॅमा म्हणतात, त्या एकदम वाढल्या. या लहरी जागेपणी, लक्ष देताना, आठवताना उमटतात. २०२२ साली ८७ वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत छापून आली. पडून डोक्याला मार लागला होता. झटके येत म्हणून आलेखाचे यंत्र लावलेले, आणि ते चालू असतानाच हृदय थांबले. त्या क्षणाच्या आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या अर्ध्या मिनिटात गॅमा लहरींचा जोर दिसला. पुढे २०२३ साली बोर्जिगिन यांच्याच मंडळींनी व्हेंटिलेटर काढलेल्या चार रुग्णांचे आलेख तपासले. चारांपैकी दोघांत लहरी उसळल्या, दोघांत नाही.

त्या उसळीत त्या माणसांना काय दिसले? सांगायला कोणी परत आले नाही. म्हणून ‘मरताना सगळे आयुष्य डोळ्यांपुढून जाते हे सिद्ध झाले’ असे जे कोणी छापतात, त्यांनी जरा दमाने घ्यावे. लहर दिसली, लहरीतले चित्र कोणी पाहिलेले नाही.

जे उंबरठ्यावरून परतले, ते मात्र बोलतात. कुंभारवेशीकडून नदी जवळच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा आत्याचे धाकटे दीर, आमचे भाऊकाका, पुरात सापडले होते. लाकडाच्या एका ओंडक्याने त्यांना वाचवले. ते सांगत, “नाकातोंडात पाणी गेलं तोवर भीती वाटत होती. मग वाटेनाशी झाली. सगळं शांत झालं. आई जेवायला हाक मारते आहे असं ऐकू आलं. आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.” आम्ही मुले दर सुटीत ही गोष्ट त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकत असू.

अशा अनुभवांची शास्त्रशुद्ध मोजणीही झाली आहे. हॉलंडचे हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांना विचारले; ६२ जणांनी असे काही अनुभवल्याचे सांगितले. त्यांचा लेख २००१ साली ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम नियतकालिकात आला. पाश्चात्त्य माणसांना बहुधा बोगदा दिसतो, पलीकडे प्रकाश दिसतो. आपल्याकडे? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेचे इयन स्टीव्हन्सन यांनी उत्तर भारतातल्या १६ हकिगती १९८६ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत बोगदा नाही. यमाचे दूत आहेत. ते माणसाला नेतात, तिथे वही उघडली जाते आणि कळते की भलत्यालाच आणले! मग त्याला परत धाडतात. म्हणजे तिथलाही कारभार आपल्या कचेऱ्यांसारखाच. फरक एवढाच की तिथे चूक त्याच दिवशी दुरुस्त होते.

हसण्याची गोष्ट सोडा. पण भाषेच्या मास्तराला यात एक खूण दिसते. मेंदू शेवटचे चित्र काढतो तेही आपल्या घरच्या रंगांनी काढतो. आजीने सांगितलेले, कीर्तनात ऐकलेले, लहानपणी आईने मारलेल्या हाकेचे. मला वाटते, शेवटच्या वेळी माणसाच्या हाताशी दुसरे असणार तरी काय?

पणत्या घेऊन निघताना म्हातारीच्या मागे रचलेली मडकी दिसली. अंत्यविधीत मुलगा खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन चितेभोवती फिरतो. प्रत्येक फेरीला मडक्याला एक भोक पाडतात, आणि तिसरी फेरी झाली की तो ते मागे टाकून फोडतो. धार लागते, बारीक होते, मग घट फुटतो. विधीलाही पायऱ्या आहेत. कायद्याला मात्र पायऱ्या चालत नाहीत, त्याला रेघ लागते. हृदय थांबले की माणूस गेला, ही जुनी रेघ व्हेंटिलेटर आल्यावर पुसट झाली. १९६८ साली हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूची कसोटी मांडली. आपल्याकडे १९९४च्या अवयवरोपणाच्या कायद्याने मेंदूच्या देठाचा, म्हणजे श्वास चालवणाऱ्या भागाचा, मृत्यू मान्य केला. त्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि सगळ्या चाचण्या निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. बुबुळे प्रकाशाला हलतात का, घशाला स्पर्श केल्यास उबळ येते का, यंत्र बाजूला केल्यावर श्वास आपणहून येतो का. सहा तास थांबणे हा कायद्याने त्या बुडत्या वाटीला दिलेला मानच म्हणायचा.

आणि देठ जिवंत, पण वरचा मेंदू उजाड, असेही माणसाचे होते. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची हकिगत मराठी वाचकाला सांगायला नको. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्या वारल्या १८ मे २०१५ रोजी. जवळजवळ ४२ वर्षे. २००९ साली त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ज्यांनी त्यांना सांभाळले त्या परिचारिकांनी त्यांना मरू देण्यास नकार दिला. बरोबर काय, हे ठरवणे कठीण. न्यायालयालाही सोपे गेले नाही. पण मला त्यातली एकच गोष्ट दिसते. परिचारिकांच्या किती तुकड्या निवृत्त झाल्या, आणि नव्या आलेल्यांनीही त्या खाटेवरच्या बाईला कधी वस्तू मानले नाही. तिला ऐकू जाते की नाही, याचा पुरावा त्यांनी आधी मागितला नाही.

पुरावा पुढे आला, तोही थोडाच. २०२०च्या टाळेबंदीत, माणसे जेव्हा एकटी इस्पितळात जात होती आणि नातेवाईक फोनवरून निरोप घेत होते, त्या दिवसांत तो लेख माझ्या वाचनात आला. कॅनडातल्या व्हँकूवरच्या एका शुश्रूषागृहात, हाकेला ओ देईनाशा झालेल्या मरणासन्न रुग्णांना पाच-पाच स्वरांच्या ओळी ऐकवल्या. मधेच स्वर बदलला, मधेच ओळीची घडण बदलली. निरोगी तरुणांच्या मेंदूंनी हे बदल जसे टिपले, तसेच यांतल्या काहींच्या मेंदूंनीही टिपले, तेही अखेरच्या काही तासांत. रुग्ण मोजकेच होते. आणि कानाने टिपले म्हणजे मनाला अर्थ कळला, असे संशोधकही म्हणत नाहीत. पण मला ते वाचताना तांबट आळीतले ठोके ऐकू येऊ लागले. ठोका चुकला की जागी होणारी आत्या! आणि मग आठवले खाटेच्या पायथ्याशी मी बोललेले ते वाक्य.

त्या दिवशी पणत्यांची पिशवी घेऊन मी वहिनीकडे गेलो. वाड्याच्या जागी आता इमारत आहे. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. दादा देवळात गेला होता. कडबोळ्यांची बशी पुढे आली, पण घास उतरेना. शेवटी मी तिला सगळे सांगून टाकले: व्हँकूवरचे स्वर, आणि माझे वाक्य.

वहिनीने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “भाऊजी, तुम्ही बोललात ते मीही ऐकलं होतं. रागही आला होता.”

मी मान खाली घातली.

“आईंनी ऐकलं की नाही, देव जाणे. पण तुम्ही सगळे अकरा वाजता झोपलात. त्यानंतर चारपर्यंत मी त्यांच्या कानाशी बोलत होते.”

“काय बोलत होतीस?”

“काय बोलणार? दूध विरजलं, गच्चीचं दार लावलं, मोगऱ्याला पाणी घातलं. धाकटीचं पत्र आलं. उद्या तांबटांकडे कळशी द्यायची आहे. रोज रात्री सांगायची तेच.” ती जरा थांबली. “तेव्हा त्यांनी शेवटचं काय ऐकलं असेल ते असेल, पण ते तुमचं नव्हतं, एवढं नक्की.”

मी कडबोळे तोंडात घातले. बाहेर आळीत अजून एखाददुसरी हातोडी चालू होती. पूर्वीचा गजर आता नाही. पण दिवेलागणीपर्यंत ठोके येतात.

आपल्याकडे मरणाऱ्याच्या मुखात तुळशीचे पान आणि गंगेचे पाणी घालतात आणि कानाशी देवाचे नाव घेतात. आपल्या पूर्वजांना मेंदूचे शास्त्र ठाऊक होते, अशी फुशारकी मला मारायची नाही. त्यांना एवढेच ठाऊक असावे की, जाणाऱ्या माणसाला एकटे वाटू देऊ नये. आजचे शास्त्र त्यापुढे एवढेच म्हणते की, ओ आली नाही म्हणजे दार बंद झाले, असे धरून चालू नका. ज्यांच्या घरी आज कोणी असे निजून असेल, त्यांनी वाड्याचे कागद दुसऱ्या खोलीत न्यावेत. खाटेपाशी दुधाविरजणाचे बोलावे.

त्यानंतर दोन दिवसांनी, धनत्रयोदशीला, कणकेचा दिवा मी स्वतः केला. थोडा वाकडा झाला. दक्षिणेकडे वात करून दारात ठेवला आणि विझेपर्यंत तिथेच बसलो. धाकटा म्हणाला, “बाबा, कोणाशी बोलताय?” मी म्हटले, “तुझ्या आत्याआजीशी. गच्चीचं दार लावलं म्हणून सांगतो आहे.”